पाण्यात मिसळलेले कर्म

निरपराध बालकाला जे दुःख भोगावे लागते ते कोणाच्या खाती मांडावयाचे, हा प्रश्न सर्व धर्मांना आणि सर्व दर्शनांना प्राचीन काळापासून छळीत आला आहे. आणि प्रत्येकाने त्याचे उत्तर आपापल्या परीने दिलेले असले, तरी ज्या दुःखाचे कारण डोळ्यांना दिसते, ज्यावरचा उपाय हाताशी असतो आणि असे असूनही जे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते, त्या दुःखापुढे ती सर्व उत्तरे पुन्हा एकदा कसोटीला लावणे भाग पडते. ओढ्याच्या डोहात डुंबणाऱ्या शाळकरी मुलाच्या कातडीतून नकळत आत शिरणारा कृमी हे अशा दुःखाचे उदाहरण होय. मूल पाण्यात उतरते ते खेळण्यासाठी, न्हाण्यासाठी, कधी आईला धुणे धुवू लागण्यासाठी. त्यात पाप कोणते, अपराध कोणता, आणि शिक्षा तरी कोणी दिली? या प्रश्नाचा विचार करताना इंग्लंडातील बर्मिंगहॅम नगराचा इतिहास मला वारंवार आठवतो; कारण नगराला निर्मळ पाणी पुरविणे हे ईश्वरसेवेचेच कार्य आहे असे व्यासपीठावरून आणि प्रार्थनामंदिरातून उच्चरवाने सांगणारी माणसे एकोणिसाव्या शतकात त्या नगरात होऊन गेली, आणि त्यांचे म्हणणे त्या नगराने कायद्यात, जमाखर्चात आणि नळात उतरवून दाखविले.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. थिओडोर बिलहार्झ या जर्मन वैद्याला 1851 साली कैरो येथील रुग्णालयात शवविच्छेदन करीत असता मानवी रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी आढळला. त्याच्या नावावरून या रोगास बिलहार्झिया म्हणतात, आणि शिस्टोसोमियासिस हे त्याचे शास्त्रीय नाव होय. रोग्याच्या मूत्रातून अथवा मळातून या कृमीची अंडी गोड्या पाण्यात जातात. तेथे त्यांतून निघालेला डिंभ विशिष्ट जातीच्या गोगलगायीच्या शरीरात प्रवेश करतो, तेथे त्याची संख्या अनेक पटींनी वाढते, आणि मग सहस्रावधी सूक्ष्म जीव पुन्हा पाण्यात येऊन त्या पाण्यात उतरलेल्या मनुष्याच्या त्वचेतून आत शिरतात. ही सारी साखळी रॉबर्ट लायपर या संशोधकाने 1915 साली इजिप्तमध्ये निर्णायकपणे सिद्ध केली. मुलांच्या लघवीतून रक्त जाते, अंगातील रक्त कमी होते, वाढ खुंटते, वर्गात लक्ष लागत नाही. आणि रोग पुष्कळ वर्षे मुरला तर मूत्राशय, यकृत आणि स्त्रियांची जननेंद्रिये यांना कायमची इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2021 साली पंचवीस कोटींहून अधिक लोकांना या रोगावरील प्रतिबंधक उपचारांची गरज होती, आणि त्यांतील किमान 90 टक्के लोक आफ्रिका खंडातील होते. या रोगावर प्राझिक्वांटेल नावाचे स्वस्त आणि गुणकारी औषध 1970 नंतरच्या दशकात सिद्ध झाले. शाळाशाळांतून त्याच्या गोळ्या वाटल्याही जातात. परंतु गोळी घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच डोहात उतरते, कारण त्याच्या गावात दुसरे पाणी नसते, आणि काही महिन्यांत रोग परत येतो.

हा परदेशचा रोग आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असे मराठी वाचकाने समजू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे स्थानिक केंद्र असल्याचे गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी 1952 साली प्रसिद्ध केले, आणि पुढे लवकरच तेथील पाण्यातील एका इवल्याशा गोगलगायीकडे त्यांनी बोट दाखविले. भारतात या रोगाचे असे केंद्र सापडणे ही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अपूर्व घटना होती, आणि आजही जगातील पाठ्यग्रंथांत कोकणातील त्या लहानशा गावाचा नामनिर्देश होतो. त्या गावच्या ओढ्यात उतरणाऱ्या मुलांनी आफ्रिकेचे नावही ऐकले नसेल. तथापि नाईलच्या काठच्या मुलाला आणि कोकणातील वहाळाच्या काठच्या मुलाला एकाच प्रकारच्या दुःखाने गाठावे, आणि दोघांच्याही आईबापांनी ते दैवाचे देणे म्हणून पदरात घ्यावे, हा योगायोग नव्हे. दोन्हीकडे मनुष्य आणि पाणी यांचा संबंध एकाच रीतीने बिघडलेला होता.

आता या रोगाच्या घडणीतील जो भाग तत्त्वचिंतकाने विसरता कामा नये तो असा की, जे मूल आज रोगाचे भक्ष्य होते तेच उद्या अजाणता रोगाचे कारणही होते. त्याच्याच मूत्रातून अंडी पाण्यात जातात आणि त्याच्याच सवंगड्यांना बाधतात. आपल्याकडे ज्याला नारू म्हणतात त्या रोगात तर ही गोष्ट हृदयविदारक रूपाने दिसते. नारूचे डिंभ पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलपिसूच्या पोटात वाढतात, ते पाणी प्यालेल्या माणसाच्या शरीरात सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांबीचा कृमी तयार होतो, पायावर फोड येतो, आणि आगीसारखा दाह शमविण्यासाठी तो बिचारा पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवितो. त्याच क्षणी तो कृमी हजारो डिंभ पाण्यात सोडतो, आणि दुःख शमविण्याची एका जिवाची केविलवाणी धडपड हीच साऱ्या गावाच्या पुढील वर्षाच्या दुःखाची पेरणी ठरते. येथे कर्ता आहे पण हेतू नाही. कृती आहे पण पाप नाही. आणि फळ मात्र आहे, आणि ते भलत्याच्याच ओटीत पडते.

कर्मसिद्धांताची खरी परीक्षा येथे होते. आपल्या दर्शनकारांनी कर्माचा नियम मांडताना दोन दोषांपासून तो मुक्त ठेवण्याची विशेष दक्षता घेतली होती: केलेल्या कर्माचा फळावाचून नाश होणे हा एक, आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी येणे हा दुसरा, यांनाच कृतनाश आणि अकृताभ्यागम अशी नावे आहेत. जगातील विषमता आणि क्रूरता यांचा आरोप ईश्वरावर येऊ नये म्हणून ब्रह्मसूत्रकारांनी प्राण्यांच्या कर्मांची अपेक्षा पुढे केली, आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तिचे समर्थन केले. विचार म्हणून ही इमारत भक्कम आहे, हे कोणीही प्रांजळपणे मान्य करील. परंतु पाणवठ्याच्या काठावर उभे राहून पाहिले असता दिसते ते अकृताभ्यागमाचेच राज्य. वरच्या आळीतील घाण खालच्या आळीतील मुलाच्या पोटात जाते, ज्याने केले तो निरोगी राहतो आणि ज्याने केले नाही तो अंथरूण धरतो. यावर कर्मवादी असे म्हणेल की, खालच्या आळीत जन्म येणे हेच त्या मुलाच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ होय. हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, कारण त्याची सत्यासत्यता तपासण्याचे साधनच मनुष्याजवळ नाही. परंतु जो विचार तपासता येत नाही त्याच्या आधारावर, तपासून पाहिलेले कारण दूर करण्याचे टाळणे, हे मात्र निश्चित अधर्माचे आचरण आहे. भगवान बुद्धांना मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले असता, मनुष्याला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते असे मानणारे लोक सत्याचे उल्लंघन करतात, असेच उत्तर त्यांनी दिले. वात-पित्त-कफ, ऋतूंचे बदल, निष्काळजी वर्तन आणि आकस्मिक आघात अशी वेदनेची निरनिराळी कारणे त्यांनी मोजली, आणि कर्म हे त्यांतील एक म्हणून सांगितले. कर्मावर श्रद्धा असलेल्या महापुरुषाने कर्माची हद्द आखून द्यावी, यात बुद्धीचे केवढे धैर्य आहे!

आणि आपल्या वैद्यकानेही हा प्रश्न टाळलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंस नावाचा एक अध्याय आहे. गंगेच्या काठी कांपिल्य नगरीजवळ फिरत असता आत्रेयांना त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो की, ज्यांची प्रकृती, आहार, बल, वय आणि मन ही सर्व भिन्न आहेत अशी माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी मरतात? आत्रेय उत्तर देतात की, माणसे भिन्न असली तरी वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना सामान्य आहेत. त्या बिघडल्या म्हणजे सारा जनपद एकदम नाश पावतो. त्या बिघाडाचे मूळ आत्रेय अधर्मात पाहतात, आणि तो अधर्म देशाचे, नगराचे आणि जनपदाचे जे मुख्य असतात त्यांच्यापासून सुरू होऊन खाली प्रजेत उतरतो, असे सांगतात. या अध्यायातील पुष्कळ मते आज शास्त्राला मान्य होणार नाहीत. परंतु सार्वजनिक पाण्याचा बिघाड हा व्यक्तीच्या कर्मात शोधण्याचा विषय नसून ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांच्या कर्तव्यच्युतीत शोधण्याचा विषय आहे, हा त्यातील निर्णय आजही तंतोतंत लागू आहे.

तथापि सामुदायिक पाप ही कल्पना धोक्याची आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे. 1934 साली बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरदत्त शिक्षा होय, असे महात्मा गांधींनी म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्याचा जाहीर निषेध केला. अस्पृश्यता हे पाप आहे याविषयी दोघांचे दुमत नव्हते; परंतु त्या पापाची शिक्षा म्हणून निसर्गाने निरपराध माणसांना, आणि त्यांत बहुतकरून गरिबांनाच, चिरडावे ही नीतीची कल्पना रवींद्रनाथांना सहन होणे शक्य नव्हते, आणि माझ्या मते त्यांचाच पक्ष खरा होता. पाण्याच्या रोगाला समाजाच्या पापाची शिक्षा म्हटले तर शिक्षा भोगतो तो सर्वांत लहान आणि सर्वांत निर्दोष, आणि ज्यांनी तजवीज करावयाची ते सुटतात. म्हणून शिक्षा हा शब्दच येथून काढून टाकला पाहिजे. जे सामुदायिक आहे ते उत्तरदायित्व होय. ते मागील कृत्यांकडे बोट दाखवून थांबत नाही, उद्याच्या सकाळी त्या मुलाने कोणते पाणी प्यावे आणि कोठे न्हावे, हे ठरविण्याचा भार ते जिवंत माणसांच्या खांद्यावर ठेवते.

हा भार धर्माच्या नावाने उचलण्याचा प्रयोग बर्मिंगहॅममध्ये झाला. जॉर्ज डॉसन नावाचा एक धर्मोपदेशक 1844 साली त्या नगरात आला. पंथाच्या चौकटीत त्याचे मन रमेना, तेव्हा त्याच्यासाठी 1847 साली स्वतंत्र प्रार्थनामंदिर उभे राहिले. आणि तेथून त्याने शिकविले ते असे की, नगर हा एक नैतिक देह आहे, आणि त्याच्या सर्वांत हीन गल्लीची काळजी वाहणे हे उपासनेचेच अंग आहे. रॉबर्ट डेल आणि हेन्री क्रॉस्की या दुसऱ्या उपदेशकांनी हाच विचार आपापल्या अनुयायांत रुजविला, आणि नागरी सुवार्ता या नावाने तो इतिहासात प्रसिद्ध झाला. क्रॉस्कीच्या युनिटेरियन मंडळीत स्क्रूच्या कारखान्याचा एक धनाढ्य मालक होता, तो जोसेफ चेंबरलेन. 1873 ते 1876 या काळात नगराध्यक्ष असता त्याने गॅसचा कारखाना नगरपालिकेच्या ताब्यात घेतला, आणि पार्लमेंटाकडून कायदा करवून खाजगी जलकंपनीही विकत घेतली. 1 जानेवारी 1876 पासून नगराचे पाणी नगराचे झाले. गॅसपासून नगराला नफा व्हावा असे त्याचे मत होते. परंतु पाण्यावर नफा कमावणे त्याने साफ नाकारले, कारण स्वस्त आणि मुबलक पाण्याने जे प्राण वाचतात तीच त्या व्यवहाराची प्राप्ती, असे तो मानी. व्यापाऱ्याच्या तोंडी हा सिद्धांत यावा यातच त्या उपदेशकांचे यश होते. पुढे 1892 च्या कायद्यान्वये वेल्समधील एलान खोऱ्यात धरणे बांधण्यात आली, जेम्स मॅन्सर्ग या स्थापत्यविशारदाने तेथून 73 मैलांचा जलमार्ग आखला, आणि केवळ उताराच्या बळावर वाहत येणारे ते पाणी 1904 साली बर्मिंगहॅमला पोहोचले. आजही ते नगर त्याच पाण्यावर जगते.

परंतु सत्यकथनाच्या दृष्टीने या सुवार्तेच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. एलान खोऱ्यात शेते, घरे, एक शाळा आणि एक प्रार्थनामंदिर पाण्याखाली गेले. सुमारे शंभर माणसांना घरदार सोडावे लागले, आणि भरपाई मिळाली ती जमीनमालकांना, कुळांना नव्हे. बर्मिंगहॅमच्या बालकाचा प्राण वाचविणारे पाणी वेल्समधील बालकाच्या शाळेवरून वाहत आले. चेंबरलेन पुढे वसाहतींचा मंत्री झाला, आणि 1899 साली लंडन येथे उष्ण प्रदेशांतील रोगांचे विद्यालय स्थापन होण्यास त्याचे पाठबळ कारण झाले. बिलहार्झियाची साखळी उलगडणारा लायपर याच विद्यालयाचा. ही त्याची सेवा मोठी आहे. तथापि त्या विद्येचा पहिला हेतू वसाहतींत जाणाऱ्या गोऱ्या अंमलदारांचे आणि व्यापाऱ्यांचे आरोग्य हा होता. नळाचे जे पाणी बर्मिंगहॅमच्या कामगाराचा हक्क म्हणून मान्य झाले ते आफ्रिकेतील वा हिंदुस्थानातील रयतेचाही हक्क आहे, असे त्या साम्राज्याच्या दप्तरात कोठे लिहिले गेले नाही. नगर हा नैतिक देह आहे हे जाणणाऱ्यांना मनुष्यजात हा नैतिक देह आहे हे जाणता आले नाही. धर्माची सीमा नगराच्या वेशीवर थांबली की तो धर्म अर्धाच राहतो.

आणि आपला धर्म तर पुष्कळदा वेशीच्या आतच थांबला. नदीला माता म्हणणाऱ्या, स्नानावाचून देवपूजा न करणाऱ्या, प्रत्येक संकल्पात आचमन करणाऱ्या आपल्या समाजाने पाण्याच्या पावित्र्याचा विचार केला तो कोणी स्पर्श केला या अंगाने. पाण्यात काय मिसळले या अंगाने फारसा केलाच नाही. जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा तो आचार समाजाला अनाचार वाटला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई कायदेमंडळाचा 1923 चा बोले ठराव आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने केलेला ठराव कागदावर असूनही, 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या बांधवांसह चवदार तळ्यावर जाऊन ते पाणी ओंजळीने प्यावे लागले. आणि त्यानंतर सवर्णांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या 108 घागरी ओतून त्या तळ्याचे शुद्धीकरण केले. शुद्धीच्या नावाने पिण्याच्या पाण्यात शेण कालविणाऱ्या त्या विधीत आपल्या शौचविचाराची सारी शोकांतिका साठलेली आहे. त्या तळ्यावरील हक्काविषयी मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय यावयाला 1937 साल उजाडले.

तरीही आपल्याच परंपरेत एक वेगळे बीज होते. संन्याशाने पाणी वस्त्राने गाळून प्यावे, अशी आज्ञा मनुस्मृतीत आहे, आणि जैनांच्या घरी तर गाळलेल्या पाण्याचा नियम आजतागायत पाळला जातो. या नियमाचा हेतू जलातील सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी असा होता. परंतु नारूचे डिंभ बाळगणारी जलपिसूदेखील त्याच वस्त्रावर अडकते. भारत सरकारने 1983-84 साली नारूनिर्मूलनाची मोहीम हाती घेतली, त्या वेळी महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे 40,000 रोगी आढळत. या रोगावर ना लस होती ना औषध. पायविहिरी बंद करून त्यांच्या जागी आडविहिरी करणे, हातपंप बसविणे, पाण्यात कीटकनाशक टाकणे, गावोगाव गाळण्याची फडकी वाटणे आणि नारू झालेल्याने पाण्यात पाय घालू नये म्हणून दारोदार समजूत घालणे, एवढ्याच साधनांनी 1996 साली राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि 2000 साली भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. जे दुःख शतकानुशतके प्रारब्ध मानले गेले ते एका फडक्याने आणि काही वर्षांच्या संघटित प्रयत्नाने नाहीसे झाले. प्रारब्ध जर फडक्याने गाळता येते, तर त्याला प्रारब्ध म्हणण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

लायपरने इजिप्तमध्ये कृमीची साखळी उलगडली त्याच 1915 साली लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य प्रसिद्ध झाले, आणि ज्ञानी पुरुषालाही लोकसंग्रहासाठी कर्म चुकत नाही हा त्यातील सिद्धांत मराठी मनात घर करून बसला. या दोन घटनांचा संबंध कोणी जोडला नाही. तो आपण जोडला पाहिजे. कार्यकारणाचे ज्ञान झाल्यावर मनुष्याची जबाबदारी वाढते. कारण ठाऊक नव्हते तोवर मुलाच्या दुःखापुढे हात जोडणे क्षम्य होते; कारण कळल्यानंतर नुसते हात जोडणे म्हणजे कर्मत्याग होय, आणि तोही संन्यासाचा नव्हे, आळसाचा. शिवाय हे कर्म एकदा करून संपणारे नाही. इंग्लंडसारख्या देशातही 2024 च्या मे महिन्यात डेव्हन परगण्यातील ब्रिक्सहॅम येथे नळाच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी शिरला, शेकडो लोक आजारी पडले, आणि पाणी उकळून प्या असा हुकूम घरोघर गेला. जलशुद्धी हे नित्यकर्म आहे. संध्येप्रमाणे ते दररोज करावे लागते, आणि करणारा थकला की त्याचे फळ त्याच्या शेजाऱ्याच्या मुलाला भोगावे लागते.

म्हणून माझा निर्णय असा आहे. पाण्याच्या बाबतीत माझे कर्म आणि तुझे कर्म हा भेद टिकत नाही. एकाचे कृत्य आणि दुसऱ्याचे भोक्तृत्व ज्या द्रव्यात क्षणात एक होतात ते हे द्रव्य आहे, आणि त्यामुळे कर्माचा नियम ज्याला मानावयाचा असेल त्याने तो पाणवठ्यावर तरी सामुदायिक कर्तव्याच्या रूपानेच मानला पाहिजे. बर्मिंगहॅममध्ये आणि त्याच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत डॉक्टर आहेत, स्थापत्यविशारद आहेत, आणि गणेशोत्सवाला व दिवाळीला देवकार्यासाठी सढळ हाताने वर्गणी देणारे गृहस्थही आहेत. त्यांची मुले तोटी फिरविताच जे पाणी पितात ते दीडशे वर्षांपूर्वी काही उपदेशकांनी धर्म कशाला म्हणावे याचा नव्याने विचार केला म्हणून त्यांना मिळते. त्यांना, आणि महाराष्ट्रातील माझ्या वाचकांना, माझे एवढेच मागणे आहे: पुढील उत्सवाच्या जमाखर्चात आपल्या मूळ गावच्या शाळेतील पाण्याची टाकी, तिची वार्षिक सफाई, पाण्याची तपासणी आणि मुलांमुलींची स्वच्छतागृहे यांसाठी एक रकाना काढावा, ग्रामपंचायतीकडे अर्ज करून त्या पाण्याच्या तपासणीचा दाखला मागावा, आणि तो मिळेपर्यंत पिच्छा सोडू नये. देवाच्या नावाने काढलेल्या वर्गणीचा याहून शुद्ध विनियोग मला तरी ठाऊक नाही.